टॉवेलखालचा सौदा

"टॉवेलखालचं दिसत नाही तोवर या फिल्ममध्ये फिल्मच नाही," निनाद सर म्हणाले आणि विषय मिटल्यासारखा त्यांनी कॉफीचा मग माझ्या बंद लॅपटॉपच्या झाकणावर ठेवला.

मुळशीच्या धरणाकाठी एका रिसॉर्टमध्ये आमची 'लॅब' चालली होती. शिबिर म्हटलं की तिथल्या लोकांच्या कपाळाला आठ्या पडत. दृश्यभूमी फाउंडेशन नावाच्या संस्थेने प्रादेशिक माहितीपट करणाऱ्यांसाठी अनुदान जाहीर केलं होतं आणि अनुदानासोबत एकेक मार्गदर्शक दिला होता. मार्गदर्शक नको, नुसते पैसे द्या, असं म्हणायची सोय नव्हती. आम्ही सहा जण निवडून आलो होतो. कुणी गडचिरोलीचा, कुणी तळकोकणातली, मी आटपाडीकडची. आपापल्या गावाकडे पाहुण्याच्या नजरेने कसं बघायचं, एवढंच आम्हाला तिथे सकाळ-संध्याकाळ शिकवलं जात होतं.

निनाद तळवलकर हे माझ्या वाट्याला आलेले मार्गदर्शक. फार पूर्वी त्यांनी मिठागरातल्या मजुरांवर एक माहितीपट केला होता. त्याला युरोपात कुठेतरी बक्षीस मिळालं आणि तेव्हापासून ते फिल्म करत नव्हते, फिल्म कशी करावी ते सांगत होते. अंगात खादीचा कुर्ता, पायात कोल्हापुरी आणि गळ्यात एका बैलजोडीच्या किमतीचा कॅमेरा. अनुदानाचा पहिला हप्ता मी शूटिंगला घालवून बसले होते. दुसरा हप्ता मिळणार तो यांनी चांगला अहवाल दिला तरच. म्हणून लॅपटॉपवरचा तो मग मी उचलला नाही.

"टॉवेलखाली बोटं असतात, सर," मी म्हणाले.

"मला माहीत आहे. प्रेक्षकाला माहीत नाही. तू रिव्हील देतच नाहीस."

"पण ते दिसू नये म्हणूनच तर टॉवेल असतो."

"वनिता," ते अगदी मायेनं म्हणाले, "लग्नाचं शूटिंग करणाऱ्या माणसाला दाखवायची सवय असते. शोधायची नसते. मी येतो रविवारी. आपण शोधू."

मी लग्नाचं शूटिंग करत असे हे खरं होतं. ते सगळ्यांना सांगताना सरांना कोण आनंद व्हायचा.

माझी फिल्म तुळशीराम दलालांवर होती, म्हणजे माझ्या मामांवर. आई गेल्यावर मी त्यांच्याच घरी वाढले. आमच्या सोनवडीच्या बाजारात बैलाचा भाव तोंडानं होत नाही. दलाल खांद्यावरचा टॉवेल काढतो, घेणाऱ्याचा हात त्याच्याखाली धरतो आणि बोटं दाबून भाव विचारतो. मग तोच टॉवेल, तीच बोटं विकणाऱ्याच्या हातावर. दोघांचं जुळलं की दलाल "ठरलं" म्हणतो, घेणारा सौदा पक्का केल्याची इसाराची नोट विकणाऱ्याच्या तळहातावर ठेवतो, बैलांच्या पाठीवर गुलाल पडतो. लिहिणं नाही, सही नाही. चारशे माणसं भोवती उभी असतात आणि भाव फक्त तिघांना कळतो. मामांनी उभं आयुष्य या टॉवेलावर काढलं होतं आणि त्यांचा एकही सौदा मोडला नव्हता. बाजारात त्यांना ओळख द्यावी लागत नसे.

सर एक दिवस आधीच, शनिवारी दुपारी मामांच्या घरी आले. येताना मनगटाला बांधायचा एक बोटभर कॅमेरा घेऊन आले. मामीनं ज्वारीची भाकरी आणि हुलग्याचं माडगं केलं होतं. सरांनी जेवायच्या आधी ताटाचे फोटो काढले, मग माडगं चाखून तसंच ठेवलं.

"मामा, हा कॅमेरा उद्या टॉवेलच्या आत ठेवायचा," त्यांनी सांगितलं. विचारलं नाही, सांगितलं.

मामांनी तो कॅमेरा हातात घेऊन उलटसुलट बघितला आणि परत दिला. "भाईर कितीबी काढा साहेब. आत न्हाई."

"का पण? लोकांना कळू दे की तुमची कला."

"कला कसली? बिचारा एकादा अडला की कमी भावात देतो. चारचौघात त्याची लाज कशाला काढायची? म्हणून झाकायचं. दुसरं काय न्हाई त्यात."

मला वाटलं, सर आता तरी गप्प होतील. माझ्या अख्ख्या फिल्मचा अर्थ मामांनी माडगं ओरपताना सांगून टाकला होता. सर माझ्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, की हे छान आहे, पण माणूस कॅमेऱ्यासमोर फार तयारीनं बोलतो. कॅमेरा तेव्हा पिशवीत होता.

रविवारी सकाळी बाजार भरला. सरांनी मला जनावरं टेम्पोत चढवायच्या मातीच्या चौथऱ्यावर पाठवलं. "तू लांबून पूर्ण बाजार घे. जवळचं मी बघतो." मामांच्या बंडीला मी माइक लावला होता, त्याचा आवाज माझ्या कानात येत होता. समोर धुरळा, हजारभर जनावरं आणि मध्ये मामांचा पांढरा टॉवेल.

त्या दिवशी बिराप्पा हुबाल्यानं खिलाराची जोड आणली होती. बिराप्पा म्हणजे पलीकडच्या वाडीतला म्हातारा धनगर. पोरांनी ट्रॅक्टर घेतला म्हणून तो बैल काढत होता आणि तोंड पाडून उभा होता. जोड अशी, की माणसं भाव विचारायच्या आधी नुसती हात फिरवून जात होती. विजापूरकडचा एक व्यापारी सकाळपासून तिच्याभोवती घुटमळत होता. मामांचं त्याचा हात धरून झालं होतं, थोडक्यावर अडलं होतं. आणखी तासाभरात तो भावाला आला असता, हे बाजारातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं.

तेवढ्यात सर पुढे झाले. कुर्त्याची बाही त्यांनी मनगटापर्यंत ओढून घेतली होती. एवढ्या उन्हात बाह्या खाली का, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं, पण शहरातल्या लोकांच्या कपड्यांचा अर्थ लावत बसायचा नसतो असा माझा अनुभव होता.

कानात मामांचा आवाज आला. "साहेब, खरंच घ्यायचीत का? बघायचं असलं तर नुसतं बघा. हात घातला की खोटं चालत न्हाई."

"मामा, मी आयुष्यात खोटं काही केलेलं नाही," सर म्हणाले. "आज मी गिऱ्हाईक. बोला."

अलीकडे पुण्या-मुंबईचे लोक फार्महाउसच्या शोभेला खिलारं नेत असत. मामांनी अशा दोन जोड्या दिल्याही होत्या. आणि बाजारात आजवर कुणी गंमत म्हणून टॉवेलखाली हात घातलेला नव्हता. मामांनी टॉवेल टाकला.

मी चौथऱ्यावरून बघत होते. सरांचा चेहरा देवळात गेल्यासारखा झाला होता. मामा मधूनमधून "आजून?" म्हणत होते. सर डोळे मिटून मान हलवत होते आणि बोटं दाबत होते. आपण काय बोलतोय हे त्यांना कळत नव्हतं, पण बोलायला आवडत होतं. लॅबमध्येही त्यांचं असंच असे.

मामांनी टॉवेल बिराप्पाच्या हातावर नेला. बिराप्पा दचकला. विजापूरवाल्यापेक्षा पुष्कळ वरचा भाव असणार. त्यानं घाईनं मान हलवली.

"ठरलं म्हणू, साहेब?"

"ठरलं! ब्यूटिफुल!"

आणि मग त्यांनी खिशातून पाचशेची नोट काढली आणि बिराप्पाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली. लॅबमध्ये त्यांनी आम्हाला हे शिकवलं होतं. शॉट झाला की समोरच्या माणसाला रिकाम्या हाती सोडायचं नाही, चहापाण्याला काहीतरी द्यायचं, म्हणजे तो पुन्हा उभा राहतो.

मी कानातला इअरफोन काढून फेकला आणि कॅमेरा घेऊन पळत सुटले. मी पोचेपर्यंत बैलांच्या पाठीवर गुलाल पडला होता. विजापूरवाल्यानं हात झटकले, दुसरी एक जोड बोलूनच ठेवली होती ती घेतली आणि टेम्पो काढला. बिराप्पानं दावं सरांच्या हातात दिलं. सरांनी ते धरून माझ्याकडे बघून हसून पोझ दिली.

"टेम्पो कुठं लावू साहेब?" मामांनी विचारलं. "पुण्याला न्यायची, का मुंबईला?"

सर खदाखदा हसले. मग मामा हसत नाहीत हे त्यांच्या ध्यानात आलं.

"मामा, अहो, ते शूटिंग होतं."

"इसार दिला न्हवं तुम्ही?"

"तो चहाला दिला! गरीब माणूस म्हणून!"

बिराप्पानं मुठीतल्या नोटेकडे बघितलं. ट्रॅक्टरवाल्या पोरांचा बाप तो. गरीब कुणाला म्हणाले हे शोधायला त्याला जरा वेळ लागला.

माणसं गोळा झाली. सरांनी मला कोपराला धरून बाजूला ओढलं. "यांना समजावून सांग."

"सर, सौदा झालाय," मी म्हणाले. "तुम्ही होकार दिलात, इसार दिलात. आता जोड तुमची आहे."

"मला बैल काय करायचेत?"

"ते मला माहीत नाही. पण पैसे तुम्हालाच द्यावे लागतील. नाहीतर पुढच्या बाजाराला विकून जो तोटा येईल तो तरी भरून द्या. विजापूरवाला गेला. तुम्ही मोडलंत तर ते मामांवर येतं. परक्या माणसाचा हात दलालानं धरला की तोच जामीन असतो."

"तू कुणाच्या बाजूची आहेस, वनिता?"

"मामांच्या."

मी ते मोठ्यानं म्हणाले. आजूबाजूच्या दहा-बारा जणांनी ऐकलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे बघ, सब्जेक्टला पैसे देणं डॉक्युमेंटरीच्या एथिक्समध्ये बसत नाही," ते शांतपणे म्हणाले. "आज दिले तर उद्या सगळं नातंच भ्रष्ट होईल. आणि माझा अहवाल उद्या जायचाय. डोकं ठिकाणावर ठेवून बोल."

जोडीची किंमत त्यांच्या गळ्यातल्या कॅमेऱ्याच्या आसपासच असेल. त्या बाजारात एवढी रक्कम उभ्या उभ्या देऊ शकणारी माणसं फार नव्हती आणि त्यातला हा एक माणूस मला नीतिशास्त्र शिकवत होता. माझ्या तोंडात शिवी आली होती. मामा समोर होते म्हणून गिळली.

मामा बिराप्पाकडे वळले. "बिराप्पा, विजापूरवाला गेला?"

"गेला की."

"मग जोड माझी. निम्मं आज देतो, निम्मं दोन बाजारात."

"आरं तुळशा, र्‍हाऊ दे," बिराप्पा म्हणाला. "मी बैल माघारी नेतो. पुढच्या रव्वारी बघू. ते खुळं माणूस, त्याच्या नादाला लागतोस व्हय?"

"गुलाल पडल्यावर बैल माघारी जात न्हाईत."

मामांनी सरांच्या हातातलं दावं घेतलं. सरांनी ते सुटकेनं सोडलं. मग मामा बाजाराच्या मधल्या लिंबाखाली गेले. तिथे एक सपाट दगड आहे, दलाल लोक त्याच्यावर बसून चहा पितात. सौदा मोडलेल्या दलालानं टॉवेल त्या दगडावर ठेवायचा आणि दलाली सोडायची, असा बाजाराचा रिवाज. तो ठेवलेला मी कधी बघितला नव्हता. लहानपणी दोन दलाल भांडले की एकमेकांना "दगडावर ठेवायला लावीन" म्हणायचे, तेवढंच ऐकलं होतं.

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला, चार पदरी घडी केली आणि दगडावर ठेवला.

एकच गलका झाला. "मामा, आवो काय करताय?" "सौदा कुठं मोडला? तुम्ही पुरा केला न्हवं?" "त्या येड्यानं मोडला, तुमचा काय दोष?"

"खुळा कोण, शाना कोण, ते हात धरला की वळखायचं," मामा म्हणाले. "एवढंच तर काम हाय दलालाचं. बाकी बोटं काय, पोरंबी दाबत्यात. मला आज वळखाया आलं न्हाई."

एक म्हातारा दलाल नाक शिंकरायला म्हणून बाजूला गेला आणि बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला. माझ्या हातातला कॅमेरा चालूच होता. रडत असले तरी फ्रेम हलू द्यायची नाही हे मी लग्नातल्या पाठवणीत शिकले होते.

तेवढ्यात माझ्या कानापाशी कुजबुज झाली. सरांच्या तोंडाला पुदिन्याच्या गोळीचा वास येत होता.

"मिळालं ना? क्लोजमध्ये मिळालं ना? घडीचा शॉट आहे ना?"

मी वळून बघितलं. त्यांचे डोळे चमकत होते.

"हाच तुझा शेवट," ते म्हणाले.

दुपारी त्यांनी मला त्यांच्या गाडीत बोलावलं. एसी लावलेला. ड्रायव्हरला चहाला पिटाळलेलं. आधी त्यांनी कुर्त्याची बाही वर करून मनगटावरचा कॅमेरा सोडला आणि त्यातलं चित्रण मोठ्या उत्सुकतेनं लावून बघितलं. पडद्यावर काळोख होता. मध्येच काहीतरी राखाडी हललं, ते टॉवेलचं असावं किंवा त्यांच्याच बाहीचं. त्यांनी ते पुढेमागे करून तीनदा बघितलं.

"तुम्हाला नाही म्हणून सांगितलं होतं ना मामांनी?" मी म्हणाले.

"ते सोड. आता त्याची गरजच नाही." कॅमेरा त्यांनी खणात टाकला. "ऐक. तुझी फिल्म आज तयार झाली. म्हातारा दलाल. आयुष्यभराचा धंदा. आणि एक दिवस तो स्वतःहून टॉवेल उतरवतो. एका युगाचा अंत. फाउंडेशन दुसरा हप्ता तर देईलच, मी बाहेरच्या दोन लोकांशीही बोलतो. ही फिल्म फिरेल, वनिता. तुझं लग्नाचं शूटिंग कायमचं सुटेल."

शेवटचं वाक्य नेमकं लागलं. त्या लग्नसराईत मी एकोणीस पाठवण्या काढल्या होत्या आणि विसावी काढायची माझ्यात ताकद नव्हती. फिल्म करायची, एवढ्या एका हट्टापायी मी दोन स्थळं घालवली होती आणि मामांनी मला एका शब्दानं विचारलं नव्हतं.

"आणि त्यांनी टॉवेल का ठेवला?" मी विचारलं.

"का, हे प्रेक्षकाला विचारू दे. ओपन ठेव."

"पण कारण तर शूट झालंय. तुम्ही हात घातलात ते, नोट दिलीत ते. बैल नको म्हणालात ते चौथऱ्यावरून नाही, जवळून आहे. आवाजासकट."

सरांनी एसीची झडप माझ्याकडून स्वतःकडे वळवली.

"मेंटर फ्रेममध्ये नसतो," ते म्हणाले. "मला काढ. काही बिघडत नाही. उलट फिल्म स्वच्छ होईल."

"तुम्हाला काढलं तर लोकांना वाटेल मामांनीच काहीतरी घोळ घातला. म्हातारपणी हात चुकला, शब्द मोडला."

"वाटलं तर वाटलं! ट्रॅजिक आहे ते. त्यात त्यांची उंची वाढते." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "तू विचार कर. उद्या सकाळी फोन कर. मी दुपारी अहवाल पाठवतो. आणि ते पाचशे मी दिलेत ना, ते तुझ्या फील्ड एक्स्पेन्समध्ये टाक."

एवढं सगळं झाल्यावर ते पाचशे. मला अजून त्या माणसाचं नवल वाटतं. आपण काय केलं याची लाज वाटायला आधी आपण काहीतरी केलं असं वाटावं लागतं, आणि निनाद सरांना आपल्या हातून या जगात काही घडतं असं वाटतच नसे. त्यांच्या लेखी सगळं फक्त घडत असे आणि ते बघत असत.

संध्याकाळी मी, मामा आणि ती जोड एका टेम्पोत मागे उभे राहून घरी निघालो. मामांचा खांदा मोकळा होता. वारा लागला की ते सवयीनं टॉवेल सारखा करायला हात वर नेत होते आणि खाली आणत होते. मला ते बघवेना. मी बैलांकडे बघत राहिले.

"जोड झ्याक हाय गं," मामा म्हणाले. "ह्यो डावा बघ, कसा खांदा हाय. त्या सायबाला काय कळत न्हाई, पर घेतली जोड चांगली." आणि खरंच हसले.

मी त्यांना गाडीतलं सगळं सांगितलं. सर काय मागतात, काय देतात, काय काढायला सांगतात. काही झाकलं नाही.

मामा बैलाची मान खाजवत होते.

"मग काढून टाक की त्येला," ते म्हणाले.

"मामा, लोक म्हणतील तुम्हीच चुकलात."

"म्हणू देत. बाजाराला ठावं हाय काय झालं त्ये. मुंबईतल्या लोकांनी काय म्हटलं त्यानं माझं काय जातंय? तुझं काम अडाया नको. लई दिवस झालं घासतीयास."

"आणि तुमचा शब्द?"

"शब्द आज पाळला न्हवं मी? आजून किती पाळू?" ते थोडे चिडलेच. "ती पिक्चर तुझी हाय, वने. तुला पायजे तशी कर. माझी हरकत न्हाई."

त्यांची हरकत नव्हती. तिथेच सगळा घोळ होता. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी त्यांच्यावर ढकलून मोकळी झाले असते. त्यांनी सगळं माझ्या हातात देऊन टाकलं, जसं त्या दिवशी सकाळी एका परक्या माणसाचा हात माझ्या भरवशावर धरला होता. मी आणलेला पाहुणा खोटा कसा असेल, असंच वाटलं असणार त्यांना. हे त्यांनी बाजारातही कुणाला सांगितलं नाही आणि टेम्पोतही मला म्हणाले नाहीत.

सकाळी मी फोन केला.

"सर, तुम्ही फ्रेममध्ये राहणार असाल तर शेवट तोच ठेवते. तुम्ही नसाल तर तो शेवटही नाही."

"म्हाताऱ्याची हरकत आहे का?"

"नाही. त्यांनी होकार दिलाय."

"मग तुझा काय प्रॉब्लेम आहे?"

"माझी हरकत आहे."

"तू कोण?" ते म्हणाले. अगदी खरोखर कळत नसल्यासारखं विचारलं. मग त्यांना आठवलं असावं की फिल्म माझी आहे. "म्हणजे, तू इमोशनल झालीयेस. दिग्दर्शकानं असं होऊन चालत नाही. तू एक मोठी संधी..."

मी फोन ठेवला. आयुष्यात फार थोडे फोन मी इतक्या समाधानानं ठेवले असतील. समाधान पाचेक मिनिटं टिकलं. मग मी परसात जाऊन, मामीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, पोटभर रडले. दुपारी एका पार्टीचा फोन आला. विट्याला लग्न होतं, दोन कॅमेरे पाहिजे होते. मी हो म्हटलं.

निनाद सर अजून आहेत. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या अनुदानाच्या परीक्षकांत त्यांचं नाव असतं आणि फोटोत तोच कुर्ता असतो. लॅबमधल्या नव्या मुलांना ते एक किस्सा सांगतात म्हणे, की एकदा अनुभवाच्या शोधात त्यांनी थेट बैलजोडी विकत घेतली होती. मला सांगणारा मुलगा हसत होता.

दुसरा हप्ता अर्थातच आला नाही. महिन्याभरानं फाउंडेशनचं पत्र आलं. मी ते ओसरीवर उघडलं तेव्हा मामा समोर बैलांना वैरण टाकत होते. विकायची त्यांना घाई नव्हती. टॉवेल ठेवलेल्या माणसानं दुसऱ्या दलालाच्या हातात हात द्यायचा, हे अजून त्यांच्या अंगवळणी पडत नव्हतं. जोड मात्र त्यांच्या हाताखाली आणखी उजळली होती.

"काय म्हणत्यात?" त्यांनी विचारलं.

"नाही म्हणतात."

"का म्हणून?"

पत्रात मार्गदर्शकांचा अभिप्राय मराठीत दिला होता. तो मी वाचून दाखवला. "दिग्दर्शिकेकडे तांत्रिक कौशल्य आहे. परंतु त्या आपल्या विषयाच्या फार जवळ आहेत."

"विषय म्हंजे?"

"म्हणजे तुम्ही, मामा. मी तुमच्या फार जवळ आहे म्हणतात."

मामांनी हातातली पेंढी खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच काही उमजत नव्हतं.

"मग?" ते म्हणाले. "कुठं असाया पायजे हुतं तू?"